सहरीच्या टेबलावरचे बाराशे प्रश्न

गेल्या मार्चमधला रमजान. अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये पहाटेचे पावणेसहा वाजलेले असायचे, तेव्हा मिरजेत दुपारचे सव्वातीन. तिकडं सहरी संपायला अर्धा-पाऊण तास उरलेला, इकडं रोजाचा सगळ्यात जड तास सुरू झालेला. या दोन वेळांच्या मध्ये रोज एक मोबाइल उभा असायचा, पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. एका बाजूला मिरजेतलं घर, हातात तसबीह घेऊन खाटेवर बसलेल्या अम्मी. दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातलं छोटं टेबल, त्यावर उकडलेली अंडी, कालचा पराठा, दह्याची वाटी आणि या सगळ्यात कशीबशी जागा करून ठेवलेला लॅपटॉप.

लॅपटॉपवर प्रश्न. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नेहमीच्या तपासणीला आली आहे, काही त्रास नाही, लघवीच्या तपासणीत जंतू सापडले. आता पुढं काय करायचं? मुलगी प्रश्न इंग्रजीत वाचायची, मग आईला दखनीत सांगायची. अम्मी लक्ष देऊन ऐकायच्या आणि दरवेळी एकच विचारायच्या, मग ती बरी झाली का?

प्रश्नपेढीतल्या रुग्णाचं पुढं काय झालं, हे कुठंच छापलेलं नसतं. मुलगी म्हणायची, झाली अम्मी, झाली.

ती मिरजेची. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस., मग अमेरिकेत शिरण्यासाठीच्या परीक्षा आणि त्यानंतर तिथल्या एका रुग्णालयात इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी. नाव छापायचं नाही, एवढीच तिची अट. कारण या गोष्टीत तिच्या नापास होण्याच्या भीतीचाही भाग आहे, आणि अम्मींच्या एका दुपारचाही.

इंटर्नल मेडिसिन म्हणजे आपल्याकडं ज्याला 'एम.डी. मेडिसिन' म्हणतात ते. हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंड, साखर, ताप, सांधे, मोठ्या माणसाच्या शरीरात बिघडण्यासारखं जे जे आहे ते सगळं. अमेरिकेत या विषयाची रेसिडेन्सी पूर्ण केली की डॉक्टरकी करण्याचा परवाना राज्य देतं. पण 'हा डॉक्टर या विषयातला जाणकार आहे' असं प्रमाणपत्र देतं ते फिलाडेल्फियातलं अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन. हे बोर्ड १९३६ साली स्थापन झालं. ते सरकारी नाही. कागदोपत्री त्याची परीक्षा सक्तीचीही नाही. पण बहुतेक रुग्णालयं नोकरी देताना आणि विमा कंपन्या यादीत नाव घेताना हे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळं सक्ती नसली तरी सुटकाही नाही.

परीक्षा ऑगस्टमध्ये, एकाच दिवशी. जास्तीत जास्त २४० प्रश्न, चार भागांत. एका भागाला दोन तास. मधल्या सुट्ट्या धरून सकाळी गेलेला माणूस संध्याकाळीच बाहेर येतो. प्रश्न चार-पाच पर्यायांचे, पण बहुतेक प्रश्न म्हणजे एकेक छोटी केस असते: वय, तक्रार, रक्तदाब, चाचण्यांचे आकडे, आणि शेवटी एक ओळ. आजार कोणता, असं ती ओळ फारसं विचारत नाही. आता पुढं काय करायचं, असं विचारते. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही उत्तर रिकामं सोडायचं नसतं. पहिल्यांदा बसणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जण पास होतात. ऐकायला हे सोपं वाटतं. पण तो दहावा कोण, हा प्रश्न प्रत्येकाला रात्री पडतो.

तिला तो जरा जास्तच पडत होता. रेसिडेंटांची दरवर्षी एक सराव परीक्षा होते. तिचा निकाल पास-नापास असा नसतो, देशभरातल्या आपल्या वर्षाच्या मुलांत आपण कुठं आहोत, तेवढं कळतं. तिसऱ्या वर्षाला ती अठराव्या पर्सेंटाईलवर होती. म्हणजे शंभरातले ऐंशीहून अधिक जण पुढं. मार्गदर्शक डॉक्टरांनी बोलावून शांतपणे सांगितलं, की या गुणांवर बोर्डाची परीक्षा अवघड जाते, आत्तापासून बसायला हवं. शिवाय तिचा व्हिसा जे-वन. या व्हिसावर शिकायला आलेल्या डॉक्टरला शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, नाहीतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करण्याच्या अटीवर त्यातून सूट मिळते. तिनं दुसरा रस्ता धरला होता. जुलैपासून एका लहान गावातल्या रुग्णालयाची नोकरी ठरली होती, आणि करारात बोर्डाच्या प्रमाणपत्राचं कलम होतं. नवरा एका मोटार कंपनीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. अभ्यास करायचा तो घरीच, आणि घरात एकांत असा नव्हताच.

आपल्याकडच्या मुलांची गंमत अशी, की ती अभ्यास कधी एकट्यानं करत नाहीत. शाळेत बाई, अकरावी-बारावीला क्लास, मेडिकलला होस्टेल. रात्री अकराला कुणीतरी दार वाजवणार, 'चल, नेफ्रॉलॉजी काढू'. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियर येऊन 'सर हेच विचारतात' म्हणून दहा प्रश्न देणार. अमेरिकेत तसं काही नव्हतं. महागडे उजळणी वर्ग होते, पण त्यांच्या तारखांना तिची वॉर्डची ड्यूटी होती. उरलं स्वयंपाकघर.

सुरुवातीचे दोन महिने तिनं जे केलं ते भारतातलंच: पुस्तक उघडायचं, पिवळा हायलाइटर घ्यायचा, पान संपलं की पुढचं पान. हॅरिसनच्या ग्रंथाचा भक्तिभाव आपल्याकडं मोठा. १९५० साली पहिल्यांदा निघालेला तो ठोकळा मेडिकलच्या कितीतरी पिढ्यांनी उशाला घेतला आहे, काहींनी शब्दशः. पण चारशे पानं पिवळी करूनही तिला आठवड्यानं त्यातलं काही आठवेना. वय झालं, मूल झालं, डोकं गेलं, अशी तिची समजूत होत चालली होती.

डोकं गेलं नव्हतं. पद्धत चुकत होती. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते, लिहिणारे ६१ वर. वाचताना 'हे मला येतं' असं जे वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं. कुराण पाठ करणाऱ्या मुलाला मदरशात रोज उस्तादासमोर न बघता म्हणायला का लावतात, किंवा पाढे पाटीवर बघून नव्हे तर भिंतीकडं तोंड करून का म्हणायचे, याचं उत्तर यात असावं. जुन्या मास्तरांना आकडे ठाऊक नव्हते एवढंच.

तिनं पुस्तक मिटलं आणि प्रश्न उघडले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही डॉक्टरांची संस्था कित्येक दशकं घरबसल्या स्वतःला तपासण्यासाठी एक संच काढते. त्याच्या एकोणिसाव्या आवृत्तीत बाराशे प्रश्न होते. रोज दहा सोडवायचे, असं तिनं ठरवलं. दहाच. वॉर्डच्या आठवड्यात पाच. आधी सगळा विषय वाचून मग प्रश्न, हा शिरस्ता सोडून आधी प्रश्न, मग चुकलं तेवढंच वाचन.

त्यासाठीची वेळ रमजाननं दिली. एरवी साडेपाचला उठणं तिला कधी जमलं नव्हतं. रमजानमध्ये पावणेपाचला उठावंच लागतं. खाऊन होईतो घरात कुणी जागं नाही, फजरच्या नमाजनंतर लगेच रुग्णालय गाठायचं. मधली चाळीस-पन्नास मिनिटं तिची. संध्याकाळी इफ्तारनंतर डोळे मिटायचे, तेव्हा अभ्यासाचं नावही काढायचं नाही, असं तिनं पहिल्या तीन दिवसांतच मान्य करून टाकलं. पोट भरलेल्या माणसानं मूत्रपिंडातल्या क्षारांचं गणित करू नये.

चुकांसाठी एक वही. मिरजेहून येताना मुलाला बाराखडी गिरवायला म्हणून आणलेली, शंभर पानी. त्यात तिनं उत्तरं लिहिली नाहीत, चुकण्याची कारणं लिहिली. माहीतच नव्हतं. माहीत होतं पण प्रश्न घाईनं वाचला. बरोबर उत्तर आधी निवडलं आणि मग खोडलं. 'माहीत नव्हतं' या रकान्यात बरंच होतं ते अमेरिकेचं. मिरज-सांगलीत खोकला महिनाभर गेला नाही तर आधी टी.बी. आठवतो; तिथं माणूस कोणत्या नदीच्या खोऱ्यातून आला, यावर वेगळीच बुरशी आठवावी लागते. साप नाही, डेंगी क्वचित, त्याऐवजी गवतातल्या गोचिडीपासून होणारा लाइमचा ताप. आतड्याच्या कर्करोगासाठी पंचेचाळिसाव्या वर्षापासून तपासणी, कोणती लस कितव्या वर्षी, हे सगळं निरोगी माणसाचं वैद्यक तिला पहिल्यापासून पाठ करावं लागलं. आपल्याकडं निरोगी माणूस डॉक्टरकडं जातच नाही, तर त्याच्याबद्दल परीक्षेत विचारणार काय?

पण वही अर्धी भरल्यावर तिच्या लक्षात आलं, की चौथं एक कारण आहे आणि त्याला रकानाच नाही. तिनं नवा रकाना आखला: 'जास्त केलं'.

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तिनं अँटिबायोटिक दिलं होतं. बरोबर उत्तर होतं, काही देऊ नका. म्हातारपणी लघवीत जंतू सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, तर तो आजारच नव्हे. गर्भार बाई असती किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असती, तर गोष्ट वेगळी. चार दिवस कंबर दुखणारा ट्रकचालक, पायात बधिरपणा नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही: तिनं एम.आर.आय. लिहिला. बरोबर उत्तर, हिंडता-फिरता राहू दे, आठवड्या-दोन आठवड्यांनी बघू. असे पंचवीस-तीस प्रश्न निघाले. पाचही पर्यायांत जो काहीच करत नाही तो पर्याय तिला डॉक्टरचा वाटतच नव्हता. ज्या गावात सलाईन लावल्याशिवाय ताप उतरला असं पेशंट मानत नाही आणि सुई न टोचणाऱ्या डॉक्टरला पैसे देताना हात आखडतो, तिथं वाढलेल्या माणसाला हे शिकणं जड जातं. तिनं फोनवर अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग तपासायची फी कशाची?

काही करू नका, हे बरोबर उत्तर असू शकतं, ही गोष्ट फिलाडेल्फियाच्या बोर्डाहून हजार वर्षांनी जुनी आहे. हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१. बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीनं माणूस दगावला आणि ती खबर खलिफा अल-मुक्तदिर यांच्यापर्यंत गेली. हुकूम निघाला, की सिनान इब्न साबित यांनी तपासल्याशिवाय शहरात कुणी वैद्यकी करायची नाही. सिनान हे दरबारचे वैद्य, साबित इब्न कुर्रा या मोठ्या गणितज्ञाचे चिरंजीव. घराणं मूळचं हर्रानच्या साबियन धर्मीयांचं. जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे, की नामांकित वैद्य वगळूनही बगदादच्या दोन्ही तीरांवरचे ८६०च्या वर वैद्य त्यांच्यापुढं परीक्षेला आले.

त्यातल्या एकाची हकिकत चरित्रकारांनी आवर्जून टिपली आहे. एक भारदस्त म्हातारा, उत्तम पोशाखातला. सिनान यांनी त्याला मानानं बसवून घेतलं, बाकीचे गेल्यावर विचारलं, आपले गुरू कोण? म्हाताऱ्यानं बाहीतून पुडी काढून पुढं ठेवली. आत दिनार. म्हणाला, मला धड लिहिता-वाचता येत नाही. पण घरात खाणारी तोंडं आहेत आणि पोट याच धंद्यावर आहे, ते तोडू नका. सिनान हसले. त्यांनी अट घातली: जे माहीत नाही ते कुणाला द्यायचं नाही, आणि साध्यासुध्या आजाराखेरीज रक्त काढायला किंवा रेचक घ्यायला सांगायचं नाही. म्हातारा म्हणाला, मी जन्मभर तेच करत आलो. सिकंजबीन आणि जुल्लाब यांच्यापुढं कधी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कुणाकडं शिकलास? वडिलांकडं, घरीच. वडील कोण? काल येऊन गेले ते. सिनान यांनी त्यालाही जाऊ दिलं, वडिलांची वाट सोडायची नाही या अटीवर.

सिकंजबीन म्हणजे मध आणि सिरका यांचं सरबत. जुल्लाबवर मराठी वाचक दचकेल, पण तो आपला जुलाब नव्हे. ते गुलाबपाण्याचं गोड सरबत होतं. फारसी गुल-आबचा अरबी जुल्लाब झाला, आणि मराठीत येईतो बिचाऱ्याच्या नशिबी भलताच अर्थ आला. म्हाताऱ्याकडं विद्या नव्हती हे खरं. त्याला पास करणं योग्य होतं का, यावर आजचं कुठलंही बोर्ड कानावर हात ठेवेल. पण आपल्याला काय येत नाही, याचा हिशेब त्याच्यापाशी चोख होता, आणि सिनान यांनी तपासला तो तेवढाच.

हे सगळं चालू असताना बाराव्या रोजाची ती पहाट आली. मिरजेत दुपार. त्या दिवशी तिनं मधुमेहाचे प्रश्न काढले होते. एक केस अशी होती: वृद्ध बाई, साखरेची जुनी गोळी घेते, मूत्रपिंड जरा कमी काम करतं, जेवण नीट झालं नाही, बेशुद्ध अवस्थेत आणली, ग्लुकोज देताच शुद्धीवर आली. आता पुढं काय? घरी पाठवायचं नाही, हे उत्तर. सल्फोनिलयुरिया वर्गातल्या गोळ्यांनी उतरलेली साखर वर येऊन पुन्हा उतरू शकते, म्हणून रुग्णाला दिवसभर नजरेखाली ठेवायचं. उत्तर बरोबर आलं होतं. सांगायला म्हणून तिनं मोबाइलकडं बघितलं.

अम्मींनी ओढणीनं कपाळ पुसलं. मग पुन्हा पुसलं. त्यांच्यामागं पंखा फुल्ल सुरू होता. ती म्हणाली, अम्मी, घाम का येतोय? ऊन आहे, अम्मी म्हणाल्या. बोलताना एका शब्दावर त्या अडखळल्या, आणि जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर दिलं. मग मुलगी काही वेळ आई बघत नव्हती, रुग्ण बघत होती. वय ६१, मधुमेह अकरा वर्षं, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

ग्लिमेपिराइड कधी घेतली? सहरीला. डॉक्टरांनी नाश्त्याच्या आधी घ्यायला सांगितलं होतं, आणि रमजानमध्ये सहरी हाच नाश्ता, असा अम्मींचा सरळ हिशेब. म्हणजे साखर उतरवणारी गोळी पहाटे पोटात, आणि पुढं तेरा तास अन्न नाही.

ग्लुकोमीटर घरात होता. अब्बा दुकानातून जेवायच्या सुट्टीत आलेले नव्हते, रमजानमध्ये ते मधे येतच नाहीत. शेजारच्या काकूंना हाक गेली. बोटातून रक्त काढलं तर रोजा तुटतो, हे अम्मींचं पहिलं म्हणणं. ते खरं नाही, उलेमांनीही ते वारंवार स्पष्ट केलं आहे. काकूंनी स्वतःची साखर मोजून मोजून हात बसवलेला, त्यांनी वाद घातला नाही, बोट धरलं. आकडा आला ५८.

मधुमेह आणि रमजान यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना या बाबतीत कुठलाही संदिग्धपणा ठेवत नाहीत. साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर गेली, तर रोजा त्याच क्षणी सोडायचा. मगरीबला किती वेळ उरला, हा प्रश्नच येत नाही. अम्मींना तो येत होता. साडेतीन तास राहिलेत, त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांत एकही सोडला नाही. तू तिकडं शिकलीस म्हणून.

मुलीनं वैद्यक काढलं नाही. कुराणात आजाऱ्याला दुसऱ्या दिवसांची सवलत दिली आहे, जमलंच नाही तर गरिबाच्या जेवणाचा मार्ग दिला आहे, हे तिला अम्मींनीच लहानपणी शिकवलं होतं, गोवर आलेला असताना रोजा धरायचा हट्ट केला तेव्हा. तिनं तेवढीच आठवण करून दिली. मग म्हणाली, त्या केसमधल्या बाईचं पुढं काय झालं, ते तुम्ही रोज विचारता. आज मला ते दिसतंय, आणि मी दिलेलं उत्तर कुणी ऐकत नाहीये.

काकूंनी तोवर तीन चमचे साखर पाण्यात ढवळली होती. अम्मींनी आधी खजूर मागितला. सोडायचाच तर खजुरावर. खजूर, मग साखरपाणी. पंधरा मिनिटांनी ७४. आणखी थोडं, मग दोन पोळ्या. तासाभरानं ११०. मुलीची सहरी यात टळली; पाण्याचे दोन घोट घेऊन तिनं नियत केली आणि कामावर गेली. त्या दिवशी दहा प्रश्नांपैकी एकच झाला होता.

अशा दुपारी किती घरांत येत असतील, याचा अंदाज एका मोठ्या पाहणीनं दिला आहे. २००१ साली भारतासह १३ देशांत १२,२४३ मधुमेही मुस्लिमांची माहिती गोळा करण्यात आली. एपिडायर या नावानं ती ओळखली जाते. टाईप दोनच्या मधुमेहींपैकी ७९ टक्क्यांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते, आणि रमजानच्या महिन्यात त्यांच्यातलं साखर गंभीररीत्या उतरण्याचं प्रमाण एरवीच्या साडेसात पट होतं. गोळ्या तेव्हापासून बदलल्या, चांगल्या झाल्या. पण गोळी बदलायला आधी डॉक्टरकडं जावं लागतं. अम्मी ज्यांच्याकडं जातात, त्या मिरजेतल्या फिजिशियनची तक्रार हीच: लोक ईदनंतर येतात. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी आले, तर बहुतेकांचं वेळापत्रक बसवता येतं, आणि ज्यांनी रोजा ठेवूच नये त्यांना तसं सांगता येतं. डॉक्टर हिंदू असतील तर कित्येक पेशंट रोजाचा विषयच काढत नाहीत, 'त्यांना कशाला सांगायचं' म्हणून. आणि डॉक्टरही कधीकधी विचारत नाहीत, धर्माचा विषय नको म्हणून. दोन्हीकडच्या या संकोचात गोळी सहरीला पोटात जाते.

त्या संध्याकाळी अम्मींना त्यांच्याकडं नेलं. त्यांनी उरलेल्या रमजानचे रोजे बंद सांगितले. अम्मी दोन दिवस मुलीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सव्वातीनला फोन उचलला आणि म्हणाल्या, वाच.

जूनअखेर रेसिडेन्सी संपली. जुलैत सामान बांधून लहान गावात नवी नोकरी. कोऱ्या भिंतींच्या घरात खोक्यांवर लॅपटॉप ठेवून शेवटचे दोनशे प्रश्न. बाराशे पुरे झाले, चुकलेले पुन्हा सोडवून झाले. ऑगस्टमधला परीक्षेचा दिवस फारसा सांगण्यासारखा नाही: कुलूपबंद कपाट, थंडगार खोली, डोक्यावर कॅमेरा, चार वेळा दोन तास. तिसऱ्या भागात एक प्रश्न साखर उतरल्याचा होता, एवढंच तिनं सांगितलं. प्रश्न बाहेर सांगायची मनाई असते. निकाल आला तेव्हा ती वॉर्डात होती. पास. किती गुण, ते अम्मींनी विचारलं. इथं ते कुणी विचारत नाही, म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही.

प्रमाणपत्र जन्माचं नाही. १९९०च्या आधी मिळालेली तशी होती. त्यानंतर पुन्हापुन्हा सिद्ध करावं लागतं. आता त्याची एक सोयही झाली आहे: २०२२पासून दर तीन महिन्यांना तीस प्रश्न घरी बसून सोडवायचे, प्रत्येकाला चार मिनिटं. पुस्तक उघडलं तरी चालतं. दुसऱ्या माणसाला मात्र विचारायचं नाही. म्हणजे यापुढं सहरीच्या टेबलावर बोर्डाचा प्रश्न असेल, तेव्हा मोबाइल बंद ठेवावा लागेल. अम्मींना हा नियम अजून सांगितलेला नाही.

यंदा अम्मी रमजानच्या दोन महिने आधीच डॉक्टरांकडं जाऊन आल्या. ग्लिमेपिराइड गेली, तिच्या जागी साखर एकदम न उतरवणारी दुसरी गोळी आली. मेटफॉर्मिनची मोठी मात्रा इफ्तारला सरकली. मूत्रपिंड ठीक, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ठीक. रोजाची परवानगी मिळाली, दिवसातून चार वेळा बोट टोचायच्या अटीवर. त्यासाठी काकूंना आता हाक मारावी लागत नाही.

आकडे लिहायला त्यांनी शंभर पानी वही घेतली आहे, मुलीकडं होती तशीच. तारीख, सहरीनंतर, दुपारी बारा, तीन, इफ्तारच्या आधी. आठ दिवस रकाने भरलेले: ११८, १०२, ९६, ९१. नवव्या दिवशी तीनच्या रकान्यात ६६, आणि पुढचा रकाना ओलांडून मराठीत लिहिलं आहे, 'सोडला. खजूर, साखरपाणी. बरं वाटलं.' खालच्या ओळीत दहाव्या दिवसाची तारीख.